बागेच्या मापाची इमारत

एखाद्या विश्वस्त संस्थेला गावाबाहेर दोन-चार एकर जागा मिळाली, की पहिल्याच बैठकीत इमारतीचा नकाशा टेबलावर येतो. सभागृह किती खुर्च्यांचे, खोल्या किती, भोजनगृहात एका पंगतीला किती पाने बसतील, यावर तास-दोन तास चर्चा होते. बागेचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत निघतो. इमारत होऊन उरेल त्या जागेत लॉन करू, कडेने शोभेची झाडे लावू, असे ठरते आणि चहा येतो. बँकेच्या नोकरीत आणि निवृत्तीनंतर संस्थांचे हिशेब पाहताना अशा पुष्कळ योजनांची अंदाजपत्रके माझ्या नजरेखालून गेली आहेत. त्यांत लिफ्टची तरतूद असते, संगमरवराची असते, प्रवेशद्वाराच्या कमानीचीही असते. पाण्याच्या रकान्यात मात्र बहुधा ‘बोअरवेल, एक’ एवढाच उल्लेख असतो. तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात ती बोअर आटते, टँकर सुरू होतात आणि अंदाजपत्रकात कधीच न आलेला खर्च दरवर्षीच्या जमाखर्चात कायमचा येऊन बसतो.

हा क्रम उलटा करता येतो का? आधी जमीन, पाऊस आणि तेथे आपोआप वाढणारी झाडे पाहावीत आणि मग त्यांना पेलवेल एवढी व तशी इमारत उभारावी, असे कोणी केले आहे का? केले आहे. त्याचे मला चांगले वाटलेले एक उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात आहे आणि दुसरे, आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांच्या मुलखात, जोधपूरला आहे.

टेक्सासची राजधानी ऑस्टिन. या शहराच्या नैर्ऋत्येला ‘लेडी बर्ड जॉन्सन वाइल्डफ्लॉवर सेंटर’ नावाचे सार्वजनिक उद्यान आहे. येथे टेक्सासच्या मातीतलीच झाडे, वेली, गवते आणि रानफुले लावली जातात. परदेशी गुलाब किंवा ट्यूलिप पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते त्या लेडी बर्ड जॉन्सन या अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी. मूळ नाव क्लॉडिया. त्यांचे वडील पूर्व टेक्सासमधील कारनॅक या लहानशा गावी दुकान चालवीत आणि दुकानावर ‘सर्व वस्तूंचे व्यापारी’ अशा अर्थाची पाटी होती. वाचकांपैकी बऱ्याच जणांना आपल्या आजोबांच्या पेढीची आठवण व्हावी अशीच ही पाटी. वारशाने आलेल्या रकमेतून १७,५०० डॉलर घालून लेडी बर्ड यांनी १९४३ मध्ये ऑस्टिनचे एक तोट्यातले रेडिओ केंद्र विकत घेतले आणि ते नफ्यात आणले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून त्यांचे नाव झाले, पण हिशेब त्यांच्या अंगात आधीपासूनच होता. महामार्गांच्या कडेला जाहिरातींच्या फलकांऐवजी झाडे-फुले दिसावीत म्हणून १९६५ मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला, त्यामागे त्यांचाच आग्रह होता.

२२ डिसेंबर १९८२ रोजी, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी, त्यांनी अभिनेत्री हेलन हेज यांच्यासह स्थानिक रानफुलांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली. त्यासाठी ६० एकर जमीन आणि सव्वा लाख डॉलर स्वतःचे दिले. ही जागा पुढे अपुरी पडली आणि १९९५ च्या वसंत ऋतूत संस्था सध्याच्या ठिकाणी आली. प्रारंभी ४२ एकर असलेली ही जमीन पुढे पावणेतीनशे एकरांच्या वर गेली. २००६ मध्ये संस्था टेक्सास विद्यापीठात समाविष्ट झाली. आपला विषय आहे तो या नव्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींचा.

ही जमीन वरवर पाहता निकृष्ट आहे. मातीचा थर पातळ, खाली चुनखडीचा सच्छिद्र खडक. पण याच खडकाच्या भेगांतून पावसाचे पाणी भूगर्भातील एका प्रचंड साठ्यात उतरते. त्याला एडवर्ड्‌स जलधर म्हणतात आणि ऑस्टिन शहरातील बार्टन स्प्रिंग्ज हे प्रसिद्ध झरे त्याच्याच पाण्यावर वाहतात. म्हणजे येथे जमिनीवर जे सांडेल ते उद्या शहराच्या झऱ्यात उतरणार, आणि जेवढी जमीन काँक्रीटखाली जाईल तेवढे खाली मुरणारे पाणी कमी होणार. अशा ठिकाणी भव्य एकसंध वास्तू उभारून सभोवती डांबरी मैदान करणे म्हणजे ज्या निसर्गासाठी संस्था काढली त्याच्याच मुळावर येणे होते.

सॅन अँटोनिओ येथील ओव्हरलँड पार्टनर्स या वास्तुरचनाकारांनी म्हणून एकच मोठी इमारत केली नाही. सभागृह, ग्रंथालय, प्रदर्शनदालन, उपाहारगृह अशा लहान लहान इमारती त्यांनी एका चौकाभोवती मांडल्या. त्यांना जोडणारे मार्ग उघडे, पण छपराखालचे आहेत. ऑस्टिनचा उन्हाळा आपल्या सोलापूर-जळगावला लाजवणारा नसला तरी पारा चाळिशीला टेकतोच. अशा हवेत दोन इमारतींमधील सावलीच्या बोळातून वारा खेळता ठेवला, तर माणसाला सतत वातानुकूलित खोलीत राहावेसे वाटत नाही आणि यंत्राने थंड करावयाचे क्षेत्र मुळातच कमी होते. आपल्या वाड्यांतील चौक आणि ओसरी यांचे काम नेमके हेच होते. दरवाजात उभे राहताच वाऱ्याची झुळूक लागते असे घर आजही जुन्या पेठांत सापडते; नव्या इमारतींत त्यासाठी विजेचे बिल भरावे लागते.

बांधकामात आसपासच्या प्रदेशातील चुनखडीचा दगड वापरला आहे. आकार आणि छपरे यांत त्या प्रदेशाची तीन जुनी वळणे दिसतात: स्पॅनिश धर्मप्रचारकांच्या दगडी वास्तू, जर्मन स्थलांतरितांची शेतघरे आणि गुरे पाळणाऱ्यांच्या पत्र्याच्या वखारी. हे केवळ शोभेसाठी केलेले नाही. त्या तिन्ही प्रकारच्या लोकांना वीज नसताना, पाणी दुर्मीळ असताना तेथे राहायचे होते. जाड भिंती, खोल सावली आणि पाणी वाहून नेणारे उतार ही त्यांची गरज होती. प्रवेशमार्गावर दगडी कमानींवरून पाणी नेणारा पाट आहे. सॅन अँटोनिओ परिसरातील स्पॅनिश काळच्या पाटांची तो आठवण देतो, आणि छपरावरून उतरलेले पावसाचे पाणी आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरून पुढे नेतो. बहुतेक इमारतींत पाण्याचे नळ भिंतीआड दडवलेले असतात. येथे ते पाणीच स्वागताला ठेवले आहे.

आता हिशेबाकडे वळू, कारण या वास्तूची खरी हुशारी तेथे आहे.

पाणी गोळा करणाऱ्या छपरांचे एकूण क्षेत्र सुमारे १७,००० चौरस फूट. एक इंच पाऊस पडला की त्यांवरून सुमारे १०,२०० गॅलन, म्हणजे साडेअडतीस हजार लिटर पाणी मिळते. कागदावर गुणाकार करून पाहिला तर आकडा थोडा अधिक येतो; फरक उडून व सांडून जाणाऱ्या पाण्याचा. वर्षाकाठी सुमारे ३ लाख गॅलन, म्हणजे ११ लाख ३५ हजार लिटर जमा होते आणि ते बागेला दिले जाते. उभारणीच्या वेळी छपरावरील पाणी साठवणारी ही अमेरिकेतील सर्वांत मोठ्या योजनांपैकी एक गणली जात होती. टाक्यांची एकूण क्षमता मात्र ७०,००० गॅलन, म्हणजे सुमारे २ लाख ६५ हजार लिटर इतकीच आहे.

व्यापारी वाचकांच्या लक्षात आले असेल की वर्षभराची आवक साठ्याच्या चौपटीहून अधिक आहे. म्हणजे टाकीतील माल वर्षातून चार वेळा फिरतो. हे जमते कारण ऑस्टिनला पाऊस वर्षभर विखरून पडतो. मे महिना आणि शरद ऋतूचा आरंभ हे त्यातले जोराचे काळ. टाकी भरते, बागेला पाणी दिले जाते, ती रिकामी होते आणि पुन्हा पाऊस येतो. गोदाम लहान असूनही उलाढाल मोठी राहते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपल्याकडे हेच गणित जसेच्या तसे उतरवले तर फसते. सोलापूर-अहमदनगरच्या पट्ट्यात वर्षाचा सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस धरू. तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरच्या आत पडतो. नेमक्या त्याच महिन्यांत बागेला पाणी लागत नाही आणि लागते तेव्हा आभाळ कोरडे असते. साठा वर्षातून जेमतेम एकदा फिरतो. धर्मशाळेचे छत ५,००० चौरस फुटांचे असेल, तर त्यावर अडीच लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे समजून २ लाख लिटर हाती लागतात. दहा हजार लिटरचा एक याप्रमाणे हे वीस टँकर झाले. रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण हे पाणी पूर्ण साठवायचे तर टाकीही दोन लाख लिटरची हवी.

त्याच धर्मशाळेसमोर छताएवढेच, म्हणजे ५,००० चौरस फुटांचे, लॉन आहे असे समजा. उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोज पाच लिटर पाणी धरले तर दिवसाला सुमारे २,३०० लिटर लागतात. काठोकाठ भरलेली ती टाकी सुमारे ८७ दिवसांत संपेल. नोव्हेंबर ते मे हे सात महिने, म्हणजे २१२ दिवस, कोरडे असतात. फेब्रुवारीच्या सुमारास शिल्लक शून्यावर येते आणि खरा उन्हाळा तर पुढेच असतो. याउलट तेवढ्याच जागेत कडुनिंब, बहावा, करंज, पळस, अंजन अशी साठ रोपे लावली आणि दर रोपाला आठवड्याला २० लिटर दिले, तर तीस आठवड्यांत ३६,००० लिटर पुरतात. तेही पहिली दोन-तीन वर्षे. एकदा मुळे खोल गेली की बहुतेक झाडे आपली सोय स्वतः पाहतात. उरलेले पाणी स्वयंपाकघराला घ्या, किंवा टाकी लहान बांधून जास्तीचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत सोडा. ती आटणारी बोअर त्यानेच चार दिवस जास्त चालेल.

म्हणून हिरवी इमारत म्हणजे छतावर सौरपट्ट्या आणि दिव्यांना आपोआप बंद होणारी बटणे, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. या गोष्टी वाईट नाहीत; आमच्या सोसायटीतही आहेत. परंतु इमारतीच्या दारात तहानलेले लॉन असेल, तर आत वाचवलेले सगळे बाहेर पाटाने वाहून जाते. ताळेबंद इमारतीचा आणि बागेचा एकत्रच मांडला पाहिजे.

ऑस्टिनच्या संस्थेने लॉनचा प्रश्नही बाजूला टाकला नाही. मुलांना खेळायला, लोकांना बसायला हिरवळ लागते, हे मान्य करून तेथील संशोधकांनी टेक्सासच्याच तीन बुटक्या गवतांचे मिश्रण तयार केले. बफेलो ग्रास, ब्लू ग्रामा आणि कर्ली मेस्किट ही ती गवते. एकाच जातीच्या लॉनपेक्षा हे मिश्रण दाट होते, त्यात तण कमी शिरते, आणि कापणी व पाणी दोन्ही कमी लागतात. आपल्याकडे हरळी आहे. गणपतीला वाहण्याच्या जुडीपलीकडे तिचा विचार आपण करीत नाही; पण दुष्काळात करपून गेल्यासारखी दिसणारी हरळी पहिल्या पावसानंतर पुन्हा उभी राहते, हे ज्याने शेताचा बांध पाहिला आहे त्याला ठाऊक आहे. शेतकरी तिला शिव्या घालतो त्या याच चिवटपणासाठी. नर्सरीतून आणलेल्या महागड्या कार्पेट लॉनला हा गुण नाही.

याच संस्थेने पुढे आणखी एक काम केले. इमारत किती पर्यावरणस्नेही आहे याला गुण देणाऱ्या पद्धती प्रचलित झाल्या होत्या, पण त्यांचा भर इमारतीच्या चार भिंतींवर होता. सभोवतालची माती, पाणी आणि झाडे यांचे काय, हा प्रश्न घेऊन या संस्थेने अमेरिकेतील भूदृश्य रचनाकारांची संघटना आणि वॉशिंग्टनचे राष्ट्रीय वनस्पती उद्यान यांच्यासह जागेचे मोजमाप करणारी पद्धत तयार केली. २००९ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. ‘साइट्स’ या नावाने ती आज ओळखली जाते. जागेवरची माती जपली का, पावसाचे पाणी जागेवरच मुरले का, स्थानिक झाडे राखली का, याला तीत गुण मिळतात. बागेने इमारतीचे परीक्षण करावे, अशी ही उलटी पाळी.

टेक्सासहून जोधपूरला जाण्यासाठी एक काटेरी दुवा आहे. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो, ती मूळची मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील मुलखातली. तिची जवळची नातलग मेस्किट टेक्सासमध्ये रानोमाळ वाढते आणि तेथील पशुपक्ष्यांच्या उपयोगी पडते, कारण ते तिचे घर आहे. वेडी बाभूळ मारवाडात आणली गेली ती संस्थानी काळात, उजाड माळ हिरवे व्हावेत म्हणून. हेतू चांगला होता. पण ती एवढी फोफावली की तिने स्थानिक झाडांना जागाच ठेवली नाही. मारवाडात तिला बावळिया म्हणतात. मराठवाडा-सोलापुरातील ओढ्यांच्या काठी आपणही तिचा अनुभव घेतोच आहोत.

मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमीन याच झाडाने व्यापली होती. २००६ मध्ये किल्ल्याच्या संग्रहालय न्यासाने ती पुन्हा मूळ रूपात आणण्याचे काम हाती घेतले. ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ या ग्रंथाचे कर्ते प्रदीप कृष्ण यांनी त्याचे मार्गदर्शन केले. अडचण अशी की खडक ज्वालामुखीतून बनलेला, अत्यंत कठीण, आणि वेड्या बाभळीची मुळे त्याच्या भेगांत खोल गेलेली. वरून तोडले तर झाड पुन्हा फुटते. शेवटी उपयोगी पडले ते खंडवालिये, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खाणीत दगड फोडणारे स्थानिक कारागीर. हातोड्याने खडकावर टकटक करून आवाजावरूनच तो कोठे भेगाळलेला आहे आणि कोठे भरीव आहे हे ते ओळखतात. त्यांनी एकेक मूळ उकरून काढले आणि उरलेल्या खड्ड्यांत थोर, कुमटियो, केर, गुग्गुळ यांसारखी मरुभूमीचीच झाडे लावली गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’ या नावाने हे उद्यान लोकांसाठी उघडले.

इमारतीचा प्रश्न येथेही होताच. तिकीटघर, माहितीदालन, रोपवाटिका, बसायला जागा, हे सारे हवे होते. त्यासाठी नवे काही उभारलेच नाही. शहराच्या जुन्या तटातील सिंघोरिया पोळ ही सतराव्या शतकातील वेस दुरुस्त करून तिलाच अभ्यागत केंद्र केले. दगड आधीच खाणीतून काढलेला, आधीच वाहून आणलेला, आधीच रचलेला. नव्या बांधकामाला लागणारे सिमेंट, पोलाद, वाहतूक यांचा मोठा भाग वाचला. जाड भिंतींमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो आणि वेशीच्या बोळातून वारा वाहतो. हिरव्या इमारतीची चर्चा करताना नव्या तंत्राची नावे आपण भराभर घेतो. उभी असलेली भक्कम वास्तू पुन्हा वापरणे हा त्यांतला बहुधा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे मात्र कोणी सुचवत नाही. सुचवणाऱ्याला त्यात शुल्क कमी मिळते, हेही एक कारण असावे.

गावोगावच्या आपल्या संस्थांकडे अशा वास्तू आहेत. कापसाच्या बंद पडलेल्या जिनांच्या वखारी, जुन्या धर्मशाळा, पांजरापोळीचे दगडी गोठे. पाडून नवे बांधण्याचा ठराव मंजूर करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या अभियंत्याकडून त्यांची तपासणी करून घ्यायला फार खर्च येत नाही. अंदाजपत्रकात आणखी दोन ओळी आग्रहाने घालाव्यात असे मी विश्वस्तांना सुचवतो. एक, छतावर वर्षाला किती लिटर पाणी पडेल. दोन, बागेला महिनेवारीने किती लागेल. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर नकाशातील लॉनवर तेथेच काट मारावी. टाकी हा एकदाच होणारा भांडवली खर्च आहे, टँकर हा दरसालचा महसुली. दात्यांची अडचण मला ठाऊक आहे. सभागृहावर नावाची पाटी लागते. जमिनीखालच्या टाकीवर लावली तर ती वाचणार कोण? पण विहीर, बारव आणि पाणपोई बांधणाऱ्यांची नावे गावाने पाटीवाचूनही लक्षात ठेवली होती. फारच आग्रह असेल तर ऑस्टिनसारखा उघडा पाट करावा आणि पाटी त्याच्या कडेला लावावी.

ओसियाँ, राणकपूर किंवा नाकोडा यात्रेच्या निमित्ताने जोधपूरला जाणे होते. तेव्हा किल्ल्याबरोबर या उद्यानासाठीही दोन तास राखून ठेवावेत. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत तेथील खडक अनपेक्षितपणे हिरवे झालेले असतात. उन्हाळ्यात गेल्यास सकाळी लवकर जावे, आणि पायांत चांगले बूट असावेत. मुलगा किंवा भाचा टेक्सासला असेल, तर ऑस्टिनची भेट मार्चअखेर ते एप्रिलमध्ये ठरवावी. ब्लूबॉनेट हे त्या राज्याचे निळे फूल तेव्हा बहरात असते, आणि सुदैवाने पाऊस आलाच, तर छपरावरचे पाणी दगडी पाटातून टाकीकडे जाताना पाहायला मिळेल.